गिनी कोंबडी पाळा, पण कर्जावर नको



हल्ली आठवड्याच्या बाजारात गिनी कोंबडी दिसायला लागली आहे. राखी अंगावर पांढरे ठिपके, टकलं डोकं, डोक्यावर हाडाचं शिंग. काही पाड्यांत ती प्लॉटवर आलीसुद्धा. आमचं मत आहे की ती आपल्या गावठी कोंबड्यांच्या जोडीला पाळावी. जोडीला म्हणतो, बदली नाही. आणि ती आणायची कशी, यावरच सगळं अवलंबून आहे.

आधी भीतीचं बोलू. एका पाड्यात गार्डाने "रानपाखरू कोंडलंय, केस करीन" असा दम दिला आणि दोन पक्षी नेले, वर पैसे नेले. 1972 च्या वन्यजीव कायद्यात आपल्या रानातले जीव येतात. मोर येतो, रानकोंबडी येते, तितर येतो. गिनी कोंबडी मूळची आफ्रिकेतली, आपल्याकडे ती पाळीवच आहे. तिला पाळायला कोणाची चिठ्ठी लागत नाही. रानकोंबडीची अंडी उचलून आणू नका, तो गुन्हा होतो. पण गिनीवर कोणी हात टाकला तर पंचनामा मागा, पावती मागा, चार माणसं गोळा करा. 1978 च्या आधीपासून कसत असलेल्या जमिनीसाठी आपण दंडाच्या पावत्या जपून ठेवल्या, त्याच आज पुरावा म्हणून दाखवतो. मग कोंबडी काय फुकट द्यायची?

आता कर्जाचं. योजनेत कोंबड्या मिळतात, सोबत पिंजरा, पोतंभर खाद्य आणि बँकेचा कागद. खाद्य संपलं की पक्षी बसतात आणि पहिल्या पावसात मरतात. हप्ता मरत नाही. गिनीचंही असंच युनिट कोणी घेऊन आलं तर अंगठा देऊ नका. इज्जतनगरच्या सरकारी पक्षी संशोधन संस्थेने गिनीच्या सुधारित जाती काढल्या आहेत. कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी अशी त्यांची नावं, साडीच्या दुकानातल्यासारखी. जाती चांगल्या असतील. पण आपल्याला लागतात फक्त दहा-बारा ताजी अंडी आणि घरची एक खुडूक कोंबडी.

खरं काम ती खुडूक कोंबडीच करते. गिनीची मादी अंडी चोरून घालते, गवतात, झुडपाखाली. दोन-तीन माद्या एकाच जागी घालतात. स्वतः उबवायला बसली तर तिथेच रात्र काढते आणि मुंगूस नाहीतर कोल्हा तिला नेतो. पिल्लं निघाली तरी त्यांना ओल्या गवतातून फिरवते आणि ती गारठून मरतात. आपली कोंबडी तसं करत नाही. गिनीची अंडी लहान असतात, पण कवच फार टणक. बेताच्या कोंबडीखाली बारा-पंधरा मावतात.

एक गोष्ट नीट ऐका, इथेच पुष्कळ जणांची अंडी वाया जातात. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत फुटतं, गिनीचं 26 ते 28 दिवस घेतं. दोन्ही एकाच दिवशी मांडली तर कोंबडी आपली पिल्लं घेऊन उठते आणि गिनीची अंडी थंड पडतात. दोन्ही हवी असतील तर आधी गिनीची मांडा आणि आठवड्याने कोंबडीची घाला. आमचं विचाराल तर मिसळूच नका.

गिनी उन्हाळा लागला की अंड्यावर येते आणि पावसाळा सरेपर्यंत घालते. पाडव्याच्या सुमाराला मांडलेली पिल्लं पावसाच्या आधी महिना-दीड महिन्याची होतात, ती तगतात. भर पावसात काढलेली तगत नाहीत. पहिले पंधरा दिवस त्यांना कोरडी जागा पायजे. पाणी उथळ ताटलीत द्या, त्यात खडे टाका, नाहीतर पिल्लं त्यातच बुडतात. खायला नुसती कणी पुरत नाही. उधईचं वारूळ फोडून द्या, त्याच्यासारखं खाद्य बाजारात नाही.

आईमागे फिरलेली गिनी संध्याकाळी खुराड्याकडे वळते. बाजारातून मोठी आणली तर दोन-तीन आठवडे कोंडून ठेवा, नाहीतर ती झाडावर जाते ती गेलीच. जोडी घेताना तिचं ओरडणं ऐका. दोन सुरांत ओरडते ती मादी, नर एकाच सुरात ओरडतो. विकणारा दोन नर जोडी म्हणून देतो. चार-पाच माद्यांना एक नर पुरे. जादा नर कोंबड्याला खुराड्यात दाबतात, दाण्याजवळ येऊ देत नाहीत.

कोंबडीएवढी ती जमीन उकरत नाही, किडे वेचते. पण पेरलेली नागली टिपते, तेव्हा पेरणीचे आठ दिवस कोंडा. रोगाला चिवट असली तरी मानमोडी तिलाही लागते. लस टोचायची तर खुराड्यातल्या सगळ्यांना टोचा. नुसत्या कोंबड्यांना टोचून भागत नाही.

राहिलं ओरडणं. शेजारी कटकट करतात ते खोटं नाही. पण साप दिसला की ती ओरडते आणि प्लॉटवर परका माणूस चढला तरी ओरडते. मग तो खाकीतला असो की साध्या कपड्यातला. घरात म्हातारी एकटी असते तेव्हा याचा उपयोग काय, ते प्लॉटवाल्या बायांना सांगायला नको.

ज्यांच्याकडे यंदा अंडी निघतील त्यांनी ती विकण्याआधी आपल्या पाड्यात विचारा. पाच अंडी दिली तर पिल्लांतली दोन परत, असं गुरांसारखं ठरवता येईल. किती मांडली, किती फुटली, किती जगली, ते बैठकीला येताना सांगा. पुढच्या अंकात पाड्यावार छापू.