बंदुकीला रियाज नको का?

ग्वाल्हेरच्या किला गेटकडून वर पाहिलं की किल्ला दिसतो, आणि खाली जवळच हजिऱ्याला मियाँ तानसेनची समाधी आहे. समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, अशी जुनी समजूत. गवई मंडळी तो पाला भक्तिभावाने चघळतात आणि घरी गेल्यावर निमूटपणे तंबोरा काढून बसतात. पाला श्रद्धेचा, पण गळा रियाजाचा, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मात्र त्याच शहरात आणि त्याच मुलखात बंदुकीचा विषय निघाला की लोक नुसत्या पाल्यावर भागवतात. परवाना मिळाला, रिव्हॉल्व्हर कमरेला लागलं, की झालं आत्मसंरक्षण!

माझं म्हणणं अगदी साधं आहे. ज्याला रेंजवर जाऊन नियमित सराव करायचा नाही, त्याला आत्मसंरक्षणाच्या नावाखाली पिस्तूल देऊ नये. दिलं असेल तर काढून घ्यावं. कुणाला हे कडक वाटेल. वाटू दे.

ग्वाल्हेर-चंबळच्या पट्ट्यात बंदूक हे हत्यार कमी आणि दागिना जास्त. लग्नाच्या वरातीत ती मिरवते, बाजारात खांद्यावरून हिंडते. या हौसेचा सरकारी अधिकाऱ्यांनीही पुरेपूर उपयोग करून घेतला आहे. 2008 साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीच्या परवान्यात झुकतं माप देण्याची योजना निघाली. 2019 साली खुद्द ग्वाल्हेरात परवाना हवा असणाऱ्याला दहा झाडं लावून त्यांच्यासोबतचा सेल्फी दाखवायला सांगितलं गेलं. त्याच वर्षी थंडीत गोशाळेला दहा कांबळी देण्याचीही अट निघाली. झाडं लावावीत, गाईंना कांबळी द्यावीत, कुटुंब लहान ठेवावं, यात वाईट काय? पण मित्रहो, एक प्रश्न विचारायचा राहूनच गेला की! बाबा रे, या पिस्तुलाच्या चेंबरमध्ये गोळी आहे की नाही, हे तुला तपासता येतं का?

कायद्याला हा प्रश्न सुचला नाही असं नव्हे. 2016 च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याला शस्त्रसुरक्षेचं प्रशिक्षण घ्यायला सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणारी शस्त्रं तिनावरून दोनावर आणली आणि जिवाला धोका होईल अशा 'हर्ष फायर'ला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पण त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाचावर नेली. एकदा प्रमाणपत्र जोडलं की पुढची पाच वर्षं दर वर्षी रेंजवर हजेरी लावण्याची सक्ती नाही. गाण्याच्या परीक्षेत एकदा पास झालेला माणूस पाच वर्षं षड्ज न लावता मैफल करायला बसला तर आपण त्याला काय म्हणू?

आणि सराव म्हणजे नेमकं काय, हेही सांगायला हवं. पुष्कळांना वाटतं, सराव म्हणजे धाडधाड गोळ्या उडवणं. चांगल्या रेंजवर पहिला धडा गोळी न उडवण्याचा असतो. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं समजायचं. नळी सदैव टार्गेटच्या दिशेला. गप्पा मारायला मान वळली तरी नळी वळता कामा नये. नेम लागेपर्यंत बोट चापावर नाही, बाहेर सरळ. टार्गेटच्या मागे काय आहे हे माहीत असल्याखेरीज गोळी नाही. कानाला मफ, डोळ्याला चष्मा. रेंज ऑफिसरने 'थांबा' म्हटलं की तिथल्या तिथे थांबायचं, मग तुम्ही गावचे सरपंच असा नाहीतर आमदार. हत्यार रिकामं करताना आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि बोटाने चाचपायचं. हा क्रम उलटा झाला तर वरची गोळी पुन्हा चेंबरमध्ये जाऊन बसते. 'रिकाम्या' पिस्तुलातून सुटलेल्या गोळीमागे पुष्कळदा हीच चूक असते.

चाप ओढला आणि गोळी उडाली नाही तर? नवशिक्याचा हात पहिल्यांदा पिस्तूल वळवून नळीत डोकावायला जातो. शिकलेला माणूस नळी समोर धरून निदान अर्धा मिनिट थांबतो, कारण काडतूस उशिराही पेटू शकतं. आणि आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढची गोळी झाडायचीच नाही. आधीची नळीत अडकलेली असू शकते. घरी जाण्यापूर्वी साबणाने हात धुवायचे, कारण हाताला शिसं लागलेलं असतं. हे सगळं पुस्तक वाचून कळतं, पण अंगात मुरतं ते हजार वेळा करूनच. हाच तर रियाज.

2014 साली कानपूरच्या आयुध निर्माणीने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' हे .32 चं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि विकायला ठेवलं चक्क दागिन्याच्या पेटीत! हलकं हत्यार हाताला जास्त झटका देतं, त्यामुळे त्याला उलट जास्त सराव लागतो. पेटीसोबत तो कोण देणार? ज्या बाईच्या धास्तीचं भांडवल करून ते विकलं, तिला ऐन वेळी थरथरत्या हातांनी काय साधणार होतं?

यावर दोन आक्षेप ठरलेले. पहिला परंपरेचा. आम्ही शस्त्रपूजक लोक, खंडेनवमीला हत्याराला हळदकुंकू वाहतो, आम्हाला कोण शिकवणार? अहो, ज्यांनी ही पूजा सुरू केली त्यांचं हत्यार उरलेले दिवस खुंटीला टांगलेलं नसे. वर्षातून एकदा फूल आणि एकदा तेल, याला परंपरा म्हणत नाहीत, आळस म्हणतात. किला गेटवरचा किल्लाच याला साक्ष आहे. अभेद्य म्हणून त्याची ख्याती. पण 1780 च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांचा कॅप्टन पॉफम पायांचा आवाज होऊ नये असे जोडे शिपायांना घालून रात्री कडा चढला आणि पहाटेपर्यंत महादजी शिंद्यांचा किल्ला त्याच्या हातात होता. कडा तोच होता, तटही तोच होता. पहारा मात्र झोपला होता!

दुसरा आक्षेप सज्जनांचा. सराव वाढला की हिंसा वाढेल, म्हणतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई खेळांत 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. पिस्तूल तिच्याही हातात असतं. पण हर्ष फायर करणाऱ्याचा आणि तिचा हात यांत जे अंतर आहे ते रेंजने घातलेलं आहे. शिवाय आत्मसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिला तोही मर्यादेत. संरक्षणाला लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा नाही. ती मर्यादा दोन सेकंदांत ओळखायची असते. सराव नसलेला माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस शेजाऱ्याच्या पोरालाही चोर समजतो.

आम्हा गोंयकारांनी तरी ग्वाल्हेरला हसू नये. आपल्याकडे कुळागर नि शेत राखायला, रानडुकरांसाठी म्हणून, घराघरांत परवान्याच्या बंदुका आहेत. आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून मुलाकडे आल्या. बंदुकीबरोबर शिस्त आली का? ज्या गोव्याने केरीच्या केसरबाईंना अल्लादियाखाँसाहेबांपुढे वर्षानुवर्षं पलटे घोटताना पाहिलं, त्या गोव्याला तालमीचं महत्त्व सांगावं लागू नये.

गंमत म्हणजे मध्य प्रदेश सरकारने नेमबाजीची अकादमी काढली ती भोपाळला, चारशे किलोमीटरवर. ग्वाल्हेरला मिळाली मुलींची हॉकी अकादमी. हॉकीच्या पोरींनी नाव काढलं, त्याचं कौतुकच आहे. पण जिथे कमरेकमरेला हत्यार, तिथे सामान्य परवानाधारकाला परवडेल अशी रेंज आधी हवी, हे कुणाला सुचू नये?

म्हणून मागणी अशी. प्रत्येक जिल्ह्यात देखरेखीखालची सार्वजनिक रेंज असावी. वर्षातून निदान दोनदा तिथे हजेरी लावावी, हत्यार भरणं, रिकामं करणं आणि नेम प्रशिक्षकासमोर करून दाखवावा, आणि तशी नोंद परवान्यावर व्हावी. नोंद नसेल तर हत्यार पोलीस ठाण्यात जमा. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं जमा करून घ्यायला यंत्रणेला बरोबर जमतं, मग एरवी का जमू नये?

आणि ज्यांच्या घरात बंदूक आहे त्या वाचकांना एकच विचारतो. ती शेवटची कधी हाताळलीत, आणि त्या वेळी तुमचं बोट कुठे होतं?