खर्जाचा शेजारधर्म

झाडीपट्टीच्या नाटकांत रात्र जागवणाऱ्या आपल्या गोंदिया जिल्ह्यातील रसिकाला डग्ग्याचा घुमारा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. घरातील लहान स्पीकरमधून मात्र गाणे ऐकू येते आणि हा घुमारा हरवतो. ही उणीव भरून काढण्यासाठी अनेक जण स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला सबवूफर घरी आणतात. त्याची जोडणी अवघड नाही.

प्रथम सर्व उपकरणांचे प्लग काढावेत. स्टिरिओच्या मागे ‘सबवूफर आउट’ असल्यास तेथून एक आरसीए केबल सबवूफरच्या ‘लाइन इन’ला लावली की काम झाले. जुन्या स्टिरिओला ही सोय बहुधा नसते. अशा वेळी सबवूफरवर ‘हाय लेव्हल इनपुट’ आहे का ते पाहावे. असल्यास, स्पीकर जोडलेल्या टोकांपासूनच दुसरी तार सबवूफरकडे न्यावी. लाल टोक लालला, काळे काळ्याला. या तारेतून केवळ संकेत जातो. ताकद सबवूफर स्वतःच्या वीजजोडणीतून घेतो. त्यामुळे स्टिरिओवर जवळजवळ भार पडत नाही.

पुढे तीन बटणे. ‘क्रॉसओव्हर’ आरंभी ८० हर्ट्झच्या आसपास ठेवावा. ‘फेज’ ० आणि १८० अशा दोन्ही स्थितींत ऐकून, जेथे खर्ज अधिक भरीव वाटेल ती ठेवावी. आवाज मात्र शून्यापासून हळूहळू वाढवावा.

येथे तांत्रिक काम संपते आणि शेजारधर्म सुरू होतो. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर असते. वरचे स्वर भिंत बऱ्याच अंशी अडवते. खर्ज तिच्यातून पलीकडे जातो. शेजाऱ्याला गाणे ऐकू येत नाही, केवळ धडधड जाणवते. पलीकडे कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असेल, कोणी आजारी असेल.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढू नये, असेही त्यांत म्हटले आहे. परंतु हे मोजमाप मानवी कानाच्या धर्तीवर केले जाते आणि त्यात अतिखर्ज कमी धरला जातो. म्हणजे हिशेब नियमात बसूनही शेजारी जागाच राहू शकतो.

म्हणून सबवूफर सामाईक भिंतीपासून आणि कोपऱ्यापासून दूर ठेवावा. कोपऱ्यात खर्ज फुगतो. रात्री दहानंतर तो बंदच असावा. पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांकडे जाऊन, त्यांच्या खोलीत उभे राहून ऐकावे. आपल्या घरी योग्य पातळीची खूण एकच: सबवूफर बंद केल्यावरच तो चालू होता हे कळावे.