एक शिक्का, पाच रूपे

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. पुण्यातल्या एका मंगल कार्यालयात घरगुती उद्योग करणाऱ्या महिलांचे प्रदर्शन भरले होते. आमच्या शेजारच्या घरची सून गेली काही वर्षे मसाले आणि कोरड्या चटण्या करून विकते. तिच्या लेबलांची छपाई पहिल्या दिवसापासून माझ्याकडे. तिचा स्टॉल कसा चालला आहे ते पाहावे म्हणून मी संध्याकाळी तिकडे डोकावलो.

स्टॉलसमोर एक वयस्क बाई घोटाळत होत्या. एकदा वरच्या फ्लेक्सकडे पाहत, एकदा मांडलेल्या पाकिटांकडे. शेवटी त्यांनी विचारले, "अहो, मागच्या वर्षी मी गोडा मसाला नेला होता, तो तुमचाच का? पाकिटावर खलबत्ता होता." आमची उद्योजिका दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे मोजत होती. तिने मान वर करेपर्यंत बाई दोन स्टॉल पुढे गेल्या होत्या. तिथल्याही पाकिटावर खलबत्ताच होता. बाईंनी तिथून अर्धा किलो मसाला घेतला आणि समाधानाने निघून गेल्या.

मग मी तिच्या टेबलाकडे जरा परक्याच्या नजरेने पाहिले. तिचे बोधचिन्ह मीच करून दिले होते. गोल वर्तुळ, मध्ये खलबत्ता, भोवती मिरच्यांची वेलबुट्टी, वर कमानीत नाव, खाली बारीक अक्षरांत एक ओळ. लेटरहेडवर ते फार देखणे दिसे. पण इथे? फ्लेक्सवाल्याने जागा भरावी म्हणून ते आडवे ताणले होते, त्यामुळे खलबत्त्याची परात झाली होती. पन्नास ग्रॅमच्या पाकिटावर ते एवढे लहान झाले होते की नाव वाचायला भिंग हवे. कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग एकाच लाल रंगात केलेले, तिथे मिरच्या आणि खलबत्ता मिळून एक लाल गोळा उरला होता. एप्रनवर भरतकामवाल्याने कमानीतले नाव झेपेना म्हणून ते स्वतःच्या मनाने सरळ रेषेत घेतले होते. बिलाच्या चिठ्ठीवर तर नुसती काळी चकती. आणि मोबाइलवरच्या व्हॉट्सअॅपच्या गोलात चौकोनी चित्र बसवताना तिने ते मोठे केलेले, म्हणून नावाची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे कापली गेली होती.

एका टेबलावर सहा चेहरे. त्या बाई ओळखणार कशा?

रात्री सामान आवरताना मी तिला हे दाखवले. ती गप्पच झाली. मग म्हणाली, "काका, मी काही बदललं नाही हो. तुम्ही दिलेला लोगो जसाच्या तसा सगळ्यांना पाठवला. माझ्याकडे एकच तर होता."

ते 'एकच होता' मला झोंबले. कारण छपाईच्या धंद्यात इतकी वर्षे काढताना मी हीच शिकवण देत आलो होतो. बोधचिन्ह एकदा ठरले की त्यात काडीचाही बदल करायचा नाही, सगळीकडे तेच, तसेच. ऐकायला हे शिस्तीचे वाटते. प्रत्यक्षात ही शिस्त एकरूपता मोडते. गिऱ्हाइकाजवळ एकच चित्र असले की फ्लेक्सवाला, स्टिकरवाला, पिशवीवाला आणि भरतकामवाला आपापल्या सोयीने त्याची रूपे करतातच. त्यांचा दोष नाही. त्यांचे यंत्र, त्यांची शाई, त्यांचा धागा जेवढे करू शकतो तेवढे ते करतात. रूपे होणारच आहेत. ती कोणी करायची, मालकाने की ज्याला त्याला वाटेल तशी, एवढाच प्रश्न आहे. माझे मत आता असे झाले आहे की लहानातल्या लहान उद्योगाकडेही आपल्या चिन्हाची चार-पाच पक्की रूपे तयार हवीत. ओळख एक राहावी म्हणूनच ती हवीत.

गंमत अशी की खिळ्यांच्या छपाईच्या काळात हे आम्हांला न शिकवता येत होते. माझ्या छापखान्यात लाकडी खणांचे एक कपाट होते. प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाचा एक खण, आणि त्यात त्याच्या चिन्हाचे जस्ताचे ब्लॉक. पत्राच्या माथ्यासाठी मोठा, बिलबुकासाठी मधला, व्हिजिटिंग कार्डासाठी लहान. ब्लॉक लहान-मोठा करता येत नाही, तेव्हा प्रत्येक मापाचा वेगळा करून घ्यावाच लागे. जाणता ब्लॉकमेकर लहान मापासाठी मूळ चित्रातले बारीक काम काढून टाकायला सांगे, नाहीतर शाई भरून काळा डाग पडेल, असे बजावी. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदासाठी निराळा ब्लॉक, गुळगुळीत आर्ट पेपरसाठी निराळा. दुकानदार जाहिरात द्यायला जाताना खिशात योग्य मापाचा ब्लॉक घेऊन जात.

मग संगणक आला. कोपरा धरून ओढले की चित्र हवे तेवढे मोठे, ढकलले की हवे तेवढे लहान. आम्ही खूश झालो. जस्ताचे ब्लॉक भंगारात गेले आणि त्यांच्याबरोबर ते शहाणपणही गेले. यंत्र चित्राचे माप बदलून देते, पण वाचणाऱ्याचा डोळा काही त्याच मापात बदलत नाही, हे आम्ही विसरलो.

खरे तर आपल्या भाषेतच याची खूण आहे. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो. त्यात दोन वस्तू आहेत. शिक्का म्हणजे पत्राच्या माथ्यावरची मोठी मुद्रा, आणि मोर्तब म्हणजे मजकूर संपला तिथे उठवायची छोटी मुद्रा. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वरची अष्टकोनी मुद्रा दिसते, तिच्यात पूर्ण संस्कृत श्लोक आहे. अखेरच्या छोट्या मुद्रेत मोजके दोनच शब्द. मोठीतला श्लोक लहान जागेत कोंबण्याचा अट्टहास कोणी केला नाही. पण पत्र हाती घेणाऱ्याला दोन्ही शिक्के एकाच दरबारचे आहेत, याबद्दल शंका राहत नसे. आणि शेवटी मोर्तब असल्यामुळे त्याखाली कोणाला एखादी ओळ घुसडता येत नसे. अधिकार एक, रूपे दोन, आणि दोन्हींची जागा ठरलेली.

पुढच्या काळात मोठ्या कंपन्यांनी हेच केले. एअर इंडियाचा महाराजा १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी जन्माला घातला. त्याने जाहिरातींत देशोदेशीचे वेष घातले, पण त्या मिशा पाहताच लोक त्याला ओळखत. 'अमूल'ची मुलगी १९६६ पासून ताज्या घडामोडींप्रमाणे रोज नवे सोंग घेते. तरी तिचे गोल डोळे आणि निळसर केस कोणी हलवत नाही. काय बदलायचे आणि काय कदापि बदलायचे नाही, हे तिथे आधी ठरलेले असते. लहान उद्योगाला एवढी सोंगे नकोत, पण हा निर्णय त्यालाही चुकत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो लिपीचा. बहुतेक लोगो इंग्रजीत विचार करून काढलेले असतात आणि देवनागरी नंतर चिकटवली जाते. २०२२ साली राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असेही ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत पाट्या लावायला सांगितले. मग एकच धावपळ उडाली. इंग्रजी नाव झोकदार वळणाचे, आणि त्याशेजारी मराठी नाव संगणकात पहिले सापडेल त्या टायपात. दोन्ही पाट्या एकाच दुकानाच्या आहेत हे शपथेवर सांगावे लागावे, अशी परिस्थिती. मराठीचा मान राखायचा तर तिचे रूपही मुळापासून आखलेले हवे. नुसत्या मापाने मान मिळत नाही.

शिवाय देवनागरीच्या स्वतःच्या अडचणी आहेत. आपल्या अक्षरांना वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. माप लहान केले की आधी हे अवयव जातात. अनुस्वार तर सगळ्यांत दुबळा. काचेवर चिकटवायची रेडियमची अक्षरे यंत्रावर कापली की अनुस्वाराचा ठिपका सुटा निघतो. पहिल्या दोन पावसाळ्यांत तो गळतो, आणि मग 'भांडार'चे 'भाडार' होऊन बसते. असे दुकान प्रत्येक वाचकाच्या पाहण्यात असेलच! म्हणून कापायच्या अक्षरांसाठी अनुस्वार जरा मोठा किंवा शिरोरेषेला चिकटवलेला असे वेगळे रूप आधीच करून ठेवावे लागते.

मग हवे तरी काय? माझ्या मते पाच रूपे पुरेत. पहिले पूर्ण रूप, चित्र, नाव आणि खालची ओळ यांसह. ते पत्रासाठी आणि मोठ्या पाकिटासाठी. दुसरे आडवे, चित्र डावीकडे आणि नाव उजवीकडे. ते पाटी, फ्लेक्स आणि गाडीच्या बाजूसाठी. तिसरे एकरंगी, वेलबुट्टी काढून टाकलेले आणि जाड रेषांचे. ते रबरी शिक्का, कापडी पिशवी, रेडियम आणि बिलाच्या यंत्रासाठी. दुकानातले ५८ मिलिमीटरच्या कागदाचे बिलयंत्र आडव्या ओळीत ३८४ ठिपके छापते आणि तेही फक्त काळे. त्याच्याकडून मिरचीच्या पानाची अपेक्षा कशी करणार? चौथे उलटे, म्हणजे गडद पार्श्वभूमीवरचे पांढरे. ते करताना रेषा किंचित जाड कराव्या लागतात, कारण शाई बाजूने आत पसरते. आणि पाचवे नुसते चित्र किंवा नाममुद्रा, व्हॉट्सअॅपच्या गोलासाठी आणि बरणीच्या झाकणासाठी. जिथे नाव येईल तिथे त्याची देवनागरी आणि रोमन जोडी एकाच वळणाची.

यासोबत एक पानभर नियम हवेत. कोणते रूप किती मापापेक्षा लहान वापरायचे नाही, भोवती किती जागा मोकळी सोडायची, रंगांचे छपाईतले प्रमाण काय. आणि सगळे रेषांच्या स्वरूपातल्या फायलींत, अक्षरे आकृतीत बदललेली. नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर तो टाइप नसतो आणि नावाच्या जागी चौकोन उमटतात.

यावर दोन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात. पहिला, माल चांगला असला की झाले, चिन्हाचे काय एवढे? माल चांगलाच हवा, त्याला पर्याय नाही. पण त्या वयस्क बाई चांगला माल पुन्हा घ्यायलाच आल्या होत्या. माल त्यांना आवडला होता, तो सापडला नाही. तिने वर्षभर भाजलेल्या मसाल्याची पुण्याई शेजारच्या स्टॉलच्या खात्यात जमा झाली, आणि त्यात शेजारणीची काही लबाडीही नव्हती.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो खोटा नाही. पण पाचही रूपे एकाच बैठकीत करायला सांगितली तर काम फार वाढत नाही. चुकीचे छापून रद्दीत गेलेल्या पिशव्यांचा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून ते स्वस्त वाटते. कायद्याची बाजूही पाहावी. व्यापारचिन्हाच्या १९९९ च्या कायद्यानुसार रंगाचे बंधन न घालता नोंदवलेले चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदवले असे मानले जाते. म्हणजे ते साधे एकरंगी रूप नोंदणीच्या वेळीही उपयोगी पडते. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये, मोठ्यांना ९,०००, आणि नोंदणी दहा वर्षांची. उद्या कोणी नक्कल केली तर 'हे माझे' म्हणून बोट दाखवायला आधी आपला एक चेहरा हवा. सहा चेहरे असलेल्याने कोणत्या चेहऱ्याची तक्रार करायची?

हेही सांगितले पाहिजे की रूपे करण्याचा नाद लागू देऊ नये. गणपतीला एक, दिवाळीला एक, नव्या पुतण्याला संगणक येऊ लागला म्हणून एक, असे सुरू झाले की पाचाची पंधरा होतात आणि आपण पुन्हा त्या स्टॉलवर येऊन उभे राहतो.

दिवाळीनंतर मी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसलो. वेलबुट्टी काढताना तिला वाईट वाटले, मलाही वाटले. खलबत्ता मात्र राहिला, फक्त त्याचा बत्ता डावीकडे कललेला केला, म्हणजे शेजारणीच्या खलबत्त्याशी गल्लत नको. प्रत्येक रूपाला आकडा दिला, एक ते पाच. माझ्या माळ्यावर त्या जुन्या कपाटाचा एक खण उरला होता. त्यात पेन ड्राइव्ह आणि नियमांचा कागद घालून तो तिला दिला.

परवा तिच्याकडे चहाला गेलो असताना स्टिकरवाल्याचा फोन आला. अक्षरे बारीक पडताहेत, थोडी माझ्या हिशेबाने करू का, असे तो विचारत होता. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "नको हो दादा. तुम्ही काही करू नका. तीन नंबरचा कापा."