डायपर स्वस्त झाले, पण प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरच्या गळतीचे काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून 'क्लिनिकल डायपर'वरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्या दिवसांत सगळी चर्चा गाड्या, टीव्ही आणि एसीची होती. डायपरची ओळ यादीत कुठेतरी खाली, लहान मुलांच्या दुधाच्या बाटलीशेजारी होती. पण सक्करदऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात नेमकी तीच ओळ वाचून आलेले एक काका होते. वय ६८, आठ महिन्यांपूर्वी कॅन्सरसाठी प्रोस्टेट ग्रंथी पूर्ण काढलेली. कॅन्सर गेला, पीएसए उत्तम. "डॉक्टर, आता थोडं परवडन," म्हणाले आणि खिशातून हिशेबाचा कागद काढला. एक डायपर ४० रुपये, दिवसाला तीन, महिन्याचे ३,६०० रुपये. कर उतरल्यामुळे वाचणार साधारण २२५.

मी विचारले, "व्यायाम करता ना?"

"कोणता व्यायाम?"

आठ महिने झाले होते. डिस्चार्ज कार्ड मागवून पाहिले, तर शेवटच्या ओळीत व्यायामाबद्दल तीन इंग्रजी शब्द होते. ते कोणी समजावून सांगितले नव्हते, आणि काकांनी 'ऑपरेशन झालं की असंच राहते' असे गृहीत धरले होते. मला त्या २२५ रुपयांपेक्षा या गृहीतकाची जास्त काळजी वाटते. डायपर स्वस्त झाले हे चांगलेच झाले. पण डायपर ही सोय आहे, उपचार नव्हे. सोय स्वस्त आणि उपचार अज्ञात अशी स्थिती राहिली, तर बरे होऊ शकणारा माणूस डायपरवरच थांबतो.

दोन ऑपरेशने, दोन वेगळ्या गोष्टी

'प्रोस्टेटचे ऑपरेशन' हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या शस्त्रक्रियांसाठी वापरतो. वयाने वाढलेली, कॅन्सर नसलेली ग्रंथी दुर्बिणीतून आतून खरवडतात किंवा लेझरने काढतात. ब्रिटनचे राजे चार्ल्स यांच्यावर जानेवारी २०२४ मध्ये अशाच साध्या वाढीसाठी उपचार झाले होते. या ऑपरेशननंतर काही आठवडे लघवीची घाई होते, पोहोचेपर्यंत थोडी निसटते, आणि बहुतेकांत ते आपोआप ओसरते. कायमची गळती क्वचित राहते.

कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढतात तेव्हा गणित बदलते. लघवी रोखण्यासाठी पुरुषाकडे दोन व्यवस्था असतात. एक मूत्राशयाच्या तोंडाशी आणि ग्रंथीच्या आत, दुसरी ग्रंथीच्या खाली गोल स्नायूच्या रूपात. ग्रंथीबरोबर पहिली जाते. सगळा भार दुसऱ्या स्नायूवर येतो, आणि त्याला आजवर एकट्याने काम करायची सवय नसते. त्यामुळे खोकला आला, खुर्चीवरून उठले, पाण्याची बादली उचलली की लघवी निसटते. सकाळी बरे असते, संध्याकाळी वाढते, कारण स्नायू दिवसभरात थकतो. अनेकांना हे बिघाडाचे लक्षण वाटते. ते फक्त थकव्याचे असते.

रोबोटने केले तर गळती होत नाही, असे रुग्ण मला आत्मविश्वासाने सांगतात. तसे नाही. रोबोटने रक्तस्राव कमी होतो, घरी लवकर जाता येते. पण नळी काढल्यावर पहिले काही आठवडे गळती तिथेही होतेच.

कॅलेंडर आधीच हातात हवे

नळी साधारण एक ते दोन आठवड्यांनी निघते. त्या दिवशी बहुतेकांचे कपडे भिजतात, म्हणून पॅड घेऊनच दवाखान्यात जा. त्यानंतर सुधारणा महिन्यांत मोजायची, दिवसांत नाही. बऱ्याच जणांना तीन ते सहा महिन्यांत चांगला ताबा येतो, आणि सुधारणा वर्षभर चालू राहते. वय जास्त, वजन जास्त, मधुमेह जुना किंवा नंतर रेडिएशन झालेले असेल तर वेळ अधिक लागतो. आधी रात्र कोरडी होते, मग सकाळ, आणि संध्याकाळ सगळ्यात शेवटी.

सुधारणा होते आहे का, हे मनाने ठरवू नका, मोजा. स्वयंपाकघरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर कोरडा पॅड तोला. दिवसभरातले वापरलेले पॅड पिशवीत बांधून तोला आणि तेवढ्या कोरड्या पॅडचे वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिलिलिटर. महिन्यातून एकदा हा आकडा लिहून ठेवा. 'खूप गळते' यापेक्षा 'मागच्या महिन्यात ३००, आता १८०' हे तुमच्या यूरोलॉजिस्टला कितीतरी जास्त सांगते.

व्यायाम: नाव सोपे, चुका फार

याला कीगल किंवा पेल्विक फ्लोअरचा व्यायाम म्हणतात. बायकांचा व्यायाम म्हणून पुरुष तो टाळतात, हे मी रोज पाहतो. स्नायू ओळखायचा असा: चारचौघांत बसलेले असताना गॅस अडवायचा आहे आणि त्याच वेळी लघवीची धार थांबवायची आहे, असे समजा. बरोबर जमले तर लिंग किंचित आत ओढले जाते आणि अंडकोष वर उचलले जातात. आरशासमोर उभे राहून हे दिसते.

आणि चुका? नितंब आवळणे, मांड्या दाबणे, पोट ताठ करणे आणि श्वास रोखणे. श्वास रोखून जोर लावला की दाब खाली जातो आणि गळती उलट वाढते. लघवी करताना धार तोडण्याचा सरावही रोज करू नका. स्नायू ओळखण्यासाठी एकदा-दोनदा ठीक. सवय लागली तर मूत्राशय नीट रिकामे होत नाही. नळी असेपर्यंत व्यायाम थांबवा.

सुरुवातीला तीन-चार सेकंद आवळा, तेवढाच वेळ सोडा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा: आडवे पडून, बसून आणि उभे राहून. सोडणे हे आवळण्याइतकेच महत्त्वाचे आहे. मग त्याला रोजच्या कामाशी जोडा. उठण्याआधी, शिंकण्याआधी, पिशवी उचलण्याआधी क्षणभर आवळा. माझ्या अनुभवात ज्यांनी ही शेवटची गोष्ट साधली, त्यांचे पॅड आधी कमी झाले.

ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर आजच सुरू करा. निरोगी स्नायूला शिकवणे सोपे असते. शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. नागपुरात मेडिकलच्या फिजिओथेरपी विभागात विचारता येते.

गोळ्यांची पिशवी घेऊन या

मी एमबीबीएस डॉक्टर आहे, सर्जन नाही. पण एक काम सर्जनपेक्षा मला सोपे जाते: घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतून पाहणे. काकांच्या पिशवीत तीन गोष्टी सापडल्या.

पहिली, टॅमसुलोसिन. प्रोस्टेटमुळे अडणारी लघवी मोकळी करण्याची ही गोळी. प्रोस्टेट काढून आठ महिने झाले तरी जुन्या चिठ्ठीवर ती चालूच होती. ती मार्ग सैल करते, म्हणजे गळतीत भरच. दुसरी, रक्तदाबाची रॅमिप्रिल. तिने काहींना कोरडा खोकला येतो, आणि प्रत्येक खोकल्याला लघवी निसटते. तिसरी, मधुमेहाची एम्पाग्लिफ्लोझिन. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते, म्हणून लघवीचे प्रमाण वाढते. मार्च २०२५ मध्ये तिचे पेटंट संपले, अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या, आणि आता ती खूप जणांना सुरू होते आहे. गोळी चांगली आहे. हृदय आणि मूत्रपिंडाला तिचा फायदा होतो. म्हणून यातली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. पण 'मला गळतीचा त्रास आहे' हे गोळी लिहिणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे. त्याला ते दिसत नाही, तुम्हीच सांगायचे.

आणि पाणी तोडू नका. नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास, आणि माणूस गळतीच्या भीतीने दिवसभर दोन ग्लास पाण्यावर! गडद लघवी मूत्राशयाला चिडवते, घाई वाढवते, जंतुसंसर्गाला जागा देते, बद्धकोष्ठ होते आणि जोर करताना पुन्हा गळती. पाणी दिवसा प्या, झोपण्याआधी दोन-तीन तास कमी करा. चहा कमी करा. सावजी रस्सा महिनाभर सोडून पाहा. काहींना तिखटाने घाई वाढते, काहींना काहीच होत नाही. खर्रा मात्र सोडाच, त्याला गळतीशिवायही पुरेशी कारणे आहेत.

घराबाहेर

आता धोरणाकडे. मासिक पाळीच्या सॅनिटरी नॅपकिनवर जुलै २०१८ पासून जीएसटी नाही, आणि ते योग्यच आहे. गळतीचा पॅडही शरीराच्या गरजेचाच, त्यावर मात्र अजून ५ टक्के आहे. त्यामुळे काही पुरुष पत्नीचे नॅपकिन वापरतात. ते घट्ट रक्त सावकाश शोषण्यासाठी बनवलेले असतात. लघवी झपकन येते आणि कडेने बाहेर पडते. पुरुषांसाठीचे पुढे जाड असलेले पॅड मिळतात. थोडीच गळती असेल तर पूर्ण डायपरची गरजही नसते, आणि खर्च तिथेच सर्वात जास्त वाचतो.

आरोग्य विम्यात न मिळणाऱ्या वस्तूंची जी प्रमाणित यादी आहे, तिच्यात 'कोणत्याही प्रकारचे डायपर' ही नोंद आहे. कॅन्सरच्या ऑपरेशनचे लाखो रुपये मिळतात, त्याच ऑपरेशनने आलेल्या गळतीचे पॅड मात्र खिशातून. मला ही विसंगती करापेक्षा मोठी वाटते.

एसटीत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. पण उमरेड, भिवापूरहून तपासणीला येणारे माझे रुग्ण तिकिटामुळे थांबत नाहीत. वाटेत पॅड कुठे बदलायचा, यामुळे थांबतात. सर्वोच्च न्यायालयाने १५ जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयांच्या आवारात सर्वांसाठी स्वच्छतागृहे बांधायला सांगताना ही सोय जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडली. पुरुषांच्या स्वच्छतागृहात मात्र पॅड टाकायला झाकणाचा डबा जवळपास कुठेच नसतो. ब्रिटनमध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांसाठी काम करणारी संस्था नेमक्या या डब्यासाठी मोहीम चालवते. आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेले डायपर सॅनिटरी कचऱ्यात मोडत होते आणि ते गुंडाळून वेगळे टाका असे लिहिले होते. डबाच नसेल तर टाकायचे कुठे? माझे एक रुग्ण बुधवार बाजारातून वापरलेला पॅड स्कूटरच्या डिक्कीत घरी आणतात.

घरात

पत्नीला ओल्या कपड्यांवरून आधीच कळलेले असते. बोलणे तेवढे व्हायचे राहते. काही जण वेगळे झोपू लागतात. लैंगिक ताठरताही या ऑपरेशननंतर कमी होते आणि तिला सावरायला गळतीपेक्षा जास्त, कधी दोन वर्षे लागतात. त्यावरही उपचार आहेत. लाजू नका, विचारा. अमेरिकेचे तत्कालीन संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांचे ऑपरेशन डिसेंबर २०२३ मध्ये झाले, जानेवारीत संसर्गामुळे ते पुन्हा भरती झाले, आणि त्यांनी हे आपल्या राष्ट्राध्यक्षांनाही काही दिवस कळू दिले नव्हते. नंतर त्यांना त्याची माफी मागावी लागली.

पूजा बंद करणारे, देवळात न जाणारे रुग्ण मला भेटतात. ताजबागकडून येणारे एक चाचा नमाज सोडून बसले होते. मी त्यांना मौलवींशी बोलायला सांगितले. अशा सततच्या त्रासात प्रत्येक नमाजच्या वेळेला नव्याने वजू करून नमाज पढता येते, असे त्यांना तिथे समजले.

वर्ष झाले तरी थांबत नसेल तर

सहा महिने नीट व्यायाम करूनही सुधारणा थांबली असेल, तर पुढच्या उपचाराबद्दल विचारायला वर्ष पूर्ण होण्याची वाट पाहू नका. कमी किंवा मध्यम गळतीसाठी मूत्रमार्गाला आधार देणारी जाळीची पट्टी बसवतात. जास्त गळती असेल किंवा रेडिएशन झाले असेल, तर कृत्रिम स्फिंक्टर हा सर्वात भरवशाचा पर्याय आहे. मूत्रमार्गाभोवती पाण्याने भरलेली छोटी पट्टी असते आणि अंडकोषाच्या पिशवीत ती उघडण्याचे बटण. ते महाग आहे, यंत्र असल्याने काही वर्षांनी बदलावेही लागू शकते, आणि अनुभवी हातांतच करावे. लिंगाला लावायची क्लिप मिळते. लग्नाकार्यापुरती ठीक, पण दोन तासांहून जास्त नको आणि झोपताना तर अजिबात नको.

लघवी थेंबथेंब सतत गळते, धार बारीक झाली आहे आणि ओटीपोट फुगले आहे, तर ती वेगळी गोष्ट आहे. मार्ग आकसून मूत्राशय तुंबलेले असू शकते. त्याच दिवशी दाखवा. थंडी वाजून ताप, रक्ताच्या गुठळ्या, एका पायाला सूज व दुखणे, अचानक दम लागणे, यातही थांबू नका.

काकांची टॅमसुलोसिन त्यांच्या यूरोलॉजिस्टला विचारून बंद झाली, रक्तदाबाची गोळी बदलली, व्यायाम सुरू झाला. चार महिन्यांनी तीन डायपरच्या जागी दिवसाला एक पॅड आहे. नातवाला उचलले की अजून निसटते. पुढच्या महिन्यात त्यांची यूरोलॉजिस्टकडे तारीख आहे, आणि पॅडच्या वजनाची वही ते सोबत नेणार आहेत.