जमीन गेली, भांडवल राहावे

मुळशी तालुक्याला जमिनीचे मोल कोणी नव्याने शिकवावे, अशी स्थिती नाही. टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पात आपली भातखाचरे बुडणार हे कळताच १९२१ साली येथील मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्यांनी तुरुंगवासही सोसला. धरण अखेर झालेच. परंतु भूमीसाठी लढलेला तालुका ही मुळशीची ओळख कायम राहिली.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तीच जमीन पुन्हा हातची गेली; या वेळी मोबदला मात्र मोठा होता. हिंजवडी-माणला माहिती तंत्रज्ञानाची नगरी उभी राहिली, पिरंगुटला कारखाने आले, डोंगरउतारांवर बंगले चढले. काही क्षेत्र भूसंपादनात गेले, काही खरेदीखतावर. पुढे काय झाले, हे प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ या २०१८ सालच्या चित्रपटाने अवघ्या महाराष्ट्रापुढे मांडले. दोष केवळ चैनीचा नव्हे. तो हिशेबाचा आहे. विक्रीतून आलेली रक्कम हे उत्पन्न नसते, ते रूप पालटलेले शेतच असते. दुष्काळातही बियाण्याला हात न लावणारा शेतकरी नोटांच्या रूपातील बियाणे ओळखू शकला नाही, ही खरी शोकांतिका होय.

दुसरा मार्ग नव्हता काय? पुणे शहरालगतच हडपसरच्या मगर मंडळींनी तो दाखवून दिला. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी स्थापिली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. मगरपट्टा नगरी उभी राहिली आणि शेतकरी भागधारक झाला. जमिनीचा उपयोग पालटला, मालकी पालटली नाही.

प्रत्येक तरुणापाशी एकरांचा ठेवा नसतो. पण प्रत्येकापाशी वेळ असतो, आणि गुंतवणुकीत तोच सर्वांत मोठा ठेवा होय. बाविसाव्या वर्षी नोकरीस लागलेल्या तरुणाने दरमहा २,००० रुपये गुंतवले आणि वार्षिक ८ टक्के परतावा गृहीत धरला, तर साठाव्या वर्षी सुमारे ५९ लाख रुपये जमतात. हाच आरंभ बत्तिसाव्या वर्षी केल्यास हाती येतात सुमारे २५ लाख. दहा वर्षांत अधिक भरलेली रक्कम अवघी २ लाख ४० हजारांची. उरलेला फरक चक्रवाढीचा.

मात्र गुंतवणूक आणि जुगार यांतील सीमारेषा मोबाइलच्या पडद्यावर पुसट झाली आहे. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. त्याची बेरीज १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक भरते, आणि त्या काळात या बाजारात तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण वाढत होते. रातोरात श्रीमंतीचा हा मोह जमीन विकून आलेल्या पैशाच्या धुंदीचाच सख्खा भाऊ आहे.

म्हणून क्रम सांभाळावा. प्रथम सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक बँकेत असावी. पतसंस्थेतील ठेवीला बँकेतील ठेवीप्रमाणे पाच लाखांपर्यंतच्या विम्याचे संरक्षण नसते, हे ध्यानी ठेवावे. त्यानंतर आरोग्याचा व आयुष्याचा विमा. मग पंधरा वर्षांचे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते, आणि बाजारातील चढउतार सोसण्याइतका काळ हाती असेल तर म्युच्युअल फंडातील दरमहाची ठरावीक रक्कम. जमीन विकलेल्या घराने मूळ रकमेला हात न लावता केवळ परताव्यावर, त्यातलाही काही भाग मागे ठेवून, संसार चालवावा.

जमीन वाचविणे प्रत्येक पिढीच्या हाती नसते. तिचे मोल पुढच्या पिढीपर्यंत पोहोचविणे मात्र असते. मुळशीच्या नव्या तरुणाने आपल्या पणजोबांचा लढा आता जमाखर्चाच्या वहीत पुढे न्यावयाचा आहे.