ही मुले शाळेत का दिसत नाहीत?

जूनच्या मध्यास शाळा उघडल्या की नव्या हजेरीपटावर नावे चढतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांची नावेही आता त्यांत असतात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पावसाळा सरेपर्यंत त्याच नावांपुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागावी आणि दिवाळीनंतर ते मूल आपल्या वर्गात होते याचे स्मरणही कोणास उरू नये, असे पुष्कळदा घडते. ‘मूल आजारी असते’ असे पालक सांगतात. ‘पालक मुलाला पाठवीत नाहीत’ असे शाळा म्हणते. एवढ्यावर प्रकरण मिटते. ते तसे मिटू नये, असे आम्हांस वाटते.

वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मसमयी किंवा त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत इजा झाली, तर हालचालींवर आणि शरीराच्या तोलावर कायमचा परिणाम होतो. त्या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मुदतीपूर्वीचा जन्म, प्रसूतीच्या वेळी प्राणवायूचा तुटवडा, तीव्र कावीळ आणि मेंदूज्वर ही तिची काही कारणे. मेंदूतील मूळ इजा वाढत नाही. मात्र तिच्या पाठोपाठ येणाऱ्या व्याधी वयाबरोबर वाढू शकतात. अनेक देशांतील संशोधनाचा जो आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार अशा चौघांपैकी तिघांना वेदना असतात, तिघांपैकी एकाच्या खुब्याचा सांधा जागचा सरकतो, चौघांपैकी एकाला फिट येतात आणि पाचांपैकी एकाला झोपेचा विकार असतो. बौद्धिक अक्षमता मात्र निम्म्यांतच आढळते. म्हणजे ‘याला शिकवून काय उपयोग?’ असे ज्यांच्याविषयी सर्रास विचारले जाते, त्यांतील निम्म्या मुलांना अशी अक्षमता नसतेच. आणि उरलेल्यांचाही शिकण्याचा हक्क त्यामुळे उणा होत नाही.

या व्याधींचा शाळेशी संबंध कसा येतो, हे पाहण्यासारखे आहे. आखडलेल्या स्नायूंचे मूल साध्या बाकावर तासन् तास बसविले, तर त्याच्या वेदना वाढतात. घास किंवा घोट श्वासमार्गात गेल्याने छातीचे विकार पुनःपुन्हा होतात. फिटच्या औषधाने कधी गुंगी येते आणि तिला आळस समजले जाते. शाळेतील शौचालय जर त्या मुलाला वापरता येण्याजोगे नसेल, तर आई त्याला सकाळपासून पाणीच बेताने देते. त्यातून बद्धकोष्ठ जडते, पोट दुखते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळा बुडते. अशा वेळी आजारामुळे शाळा बुडते म्हणावे, की शाळेमुळे आजार बळावतो म्हणावे?

कायद्याची उणीव आहे, असे कोणी म्हणू नये. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा २०१२ साली दुरुस्त करून या मुलांना त्यात स्पष्टपणे सामावून घेण्यात आले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा तर मुलाच्या वाहतुकीची सोय करावी, ज्याला अधिक आधाराची गरज आहे त्याच्या मदतनिसाचीही करावी, आणि प्रत्येक मुलाच्या सहभागावर व प्रगतीवर लक्ष ठेवावे, असे सांगतो. दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करून त्यांच्या गरजा कितपत भागतात हे तपासावे, असेही त्यात आहे. केवळ पटावर नाव घातल्याने यांतील एकही कर्तव्य पार पडत नाही.

हे काम अशक्य आहे, असे निदान मुंबईने तरी म्हणू नये. डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ साली याच शहरात अशा मुलांसाठी केंद्र सुरू केले, तेव्हा यांपैकी एकही कायदा अस्तित्वात नव्हता. त्यांची कन्या मालिनी चिब सेंट झेवियर महाविद्यालयात शिकली, पुढे लंडनला जाऊन तिने उच्च शिक्षण घेतले. उपचार आणि शिक्षण हातांत हात घालून चालले म्हणजे काय साधते, याचा दाखला शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही.

साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाने हे सारे पाहावे, अशी अपेक्षा आम्ही करणार नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत. अशा मुलाची गैरहजेरी सलग आठवडाभर झाली, तर शाळेने घरी जाऊन कारण विचारावे आणि ते लिहून ठेवावे. फिजिओथेरपीच्या वेळा शाळेच्या वेळांवर आदळू नयेत. शक्य तेथे उपचारकानेच शाळेत यावे. फिट आली असता मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आणि ती पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे, एवढे प्रत्येक शिक्षकाला शिकविलेले असावे. तोल सांभाळणारी खुर्ची, आधाराचे शौचालय आणि एक मदतनीस यांची तरतूद महापालिकेने अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय कायद्याने दिला आहे. ती निवड मुलाची आणि पालकांची आहे. शाळेला अडचण होते म्हणून तिने तो पर्याय पालकांच्या गळी उतरविला, तर ‘गृहशिक्षण’ या गोंडस नावाखाली मूल चार भिंतींत कोंडले जाईल आणि हजेरीपट तेवढा स्वच्छ दिसू लागेल.

यंदा जुलै अखेरीस प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या हजेरीपटातील अशी नावे काढून त्यांच्यापुढील खुणा मोजाव्यात. त्या प्रत्येक खुणेमागे एक दुखणे आहे, आणि त्यांतील पुष्कळ दुखणी टाळता येण्याजोगी आहेत.