पूररेषा नकाशावर आहे, मग सातबाऱ्यावर का नाही?

मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात इंद्रायणीच्या काठावरचे ३६ बंगले महापालिकेने जमीनदोस्त केले. राष्ट्रीय हरित लवादाचा तसा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. बंगले निळ्या पूररेषेच्या आत होते, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने विषय संपला. पण तिथे राहणाऱ्यांचा प्रश्न साधा होता. आम्ही पैसे मोजून जागा घेतली, घरपट्टी भरली, विजेचं मीटर मिळालं, तेव्हा कुणीच कसं अडवलं नाही?

हा प्रश्न एकट्या चिखलीचा नाही. नदीकाठी वसलेल्या प्रत्येक शहराचा आहे.

दोन रेषा, दोन नियम

आपल्याकडे जलसंपदा विभाग नदीच्या दोन्ही काठांवर दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोहोचतो ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत पोहोचतो ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्या मधला पट्टा निषिद्ध क्षेत्र. तिथे बाग, वाहनतळ, स्मशानभूमी, दफनभूमी असे मोजकेच वापर चालतात, नवीन घर नाही. निळी ते लाल या पट्ट्यात बांधकाम करता येतं, पण राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच असावं लागतं.

'२५ वर्षांतून एकदा' या शब्दांनी लोकांची फसगत होते. परवाच पूर येऊन गेला, आता २५ वर्षं निवांत, असं वाटतं. खरा अर्थ वेगळा आहे. असा पूर येण्याची शक्यता दरवर्षी ४ टक्के असते. ३० वर्षांचं गृहकर्ज धरून हिशेब केला तर हप्ते फिटेपर्यंत निळ्या रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता साधारण ७० टक्के निघते. लाल रेषेसाठीही ती २६ टक्के, म्हणजे चारात एक.

रेषाच चुकली असेल तर?

आता पुण्याकडे बघा. मुठा नदीची निळी रेषा ६० हजार क्युसेक आणि लाल रेषा एक लाख क्युसेक पाणी गृहीत धरून ठरलेली आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक विसर्ग होता, तेवढ्यातच सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी घुसलं. त्याच पहाटे पुलाचीवाडीत पुराच्या पाण्यात विजेचा धक्का बसून तीन तरुणांचा जीव गेला.

निळ्या रेषेच्या निम्म्याहून थोड्याच जास्त पाण्यात हे घडलं. कारण धरणातून सोडलेलं पाणी हा हिशेबाचा एक भाग झाला. धरणाच्या खाली पडणारा पाऊस, ओढे-नाले आणि राडारोडा टाकून अरुंद झालेलं पात्र हेही त्यात धरावं लागतं. नदी बदलली आणि नकाशा तोच राहिला, तर त्या रेषेवर विश्वास ठेवणारा माणूस बुडतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. दोन वर्षांत दोनदा असं होत असेल, तर जुन्या रेषा पुन्हा तपासायला नकोत का?

नियम सगळ्यांना सारखा आहे का?

नदीकाठच्या झोपडपट्ट्यांना दरवर्षी नोटिसा जातात. पाणी चढलं की माणसं भांडीकुंडी घेऊन महापालिकेच्या शाळेत जातात, ओसरलं की परत येतात. त्यांना 'अतिक्रमण' म्हणणं सोपं असतं. पण त्याच पूरक्षेत्रात भराव टाकून प्लॉट पाडणारा आणि ते होऊ देणारे कर्मचारी यांचं काय? आणि पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठावर महापालिकाच नदीकाठ सुधार प्रकल्प राबवतेय. पात्र अरुंद होऊन पूर वाढेल, असा पर्यावरण कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे, तर त्याने पुराचा धोका कमी होईल, असं महापालिका म्हणते. खरं काय, ते आकड्यांसह लोकांसमोर यायला हवं.

केंद्राने पूरक्षेत्र नियमनाचा आदर्श कायदा १९७५ मध्येच राज्यांना पाठवला होता. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्याच राज्यांनी तो केला. पाणी राज्यांचा विषय असल्याने केंद्र सक्ती करू शकत नाही. महाराष्ट्राचा कारभार मुख्यतः परिपत्रकं आणि विकास नियमावलीवर चालतो. रेषा आहे, पण ती खरेदीच्या वेळी ग्राहकाच्या डोळ्यासमोर येत नाही.

मागायचं काय?

पहिली मागणी ही की पूररेषा सातबारा आणि मिळकत पत्रिकेवर नोंदवावी. बँकेचा बोजा नोंदवता येतो, तर पुराचा का नाही? दुसरी, मोठ्या पुरानंतर रेषांची फेरतपासणी व्हावी आणि तिचे नकाशे गट क्रमांकासह मराठीत उपलब्ध व्हावेत. तिसरी, निळ्या रेषेतल्या गरीब वस्त्या हलवायच्या तर आधी पर्यायी घर, तेही रोजगाराच्या जवळ. चौथी, बेकायदा प्लॉट विकणाऱ्याकडून खरेदीदाराचे पैसे वसूल व्हावेत. नाहीतर शिक्षा फक्त शेवटी घर घेणाऱ्यालाच होते.

आणि एक गोष्ट आपल्या हातातली. शाळा, मदरसा किंवा शादीखान्यासाठी मोहल्ल्याच्या वर्गणीतून जागा घेताना नदीकाठची जमीन स्वस्त मिळते, म्हणून घाई होते. आधी नगररचना विभागाकडून झोन दाखला घ्या. जलसंपदा विभागाच्या कार्यालयात गट क्रमांक देऊन पूररेषेची लेखी माहिती मागा, टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महापूर आला की मशिदींपासून मंगल कार्यालयांपर्यंत सगळी दारं पूरग्रस्तांसाठी उघडतात, लोक रात्रभर जेवण शिजवतात. तेच लोक पावसाळ्याआधी एक दिवस हा नकाशा मागायला गेले, तर पुढच्या वेळी कदाचित इतकी पातेली चढवावी लागणार नाहीत.